बदललेला स्टार्ट मेनू आणि न उघडणाऱ्या सेटिंग्ज



व्याख्यानमालेत संगणकाच्या एका मेनूवर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या कोणत्याही फौंड्रीच्या ऑफिसात संध्याकाळी डोकावून पाहा. गाडी भरून गेटवर उभी असते, ई-वे बिल छापायचे असते आणि प्रिंटर सापडत नाही म्हणून कोणीतरी सेटिंग्ज उघडायला जातो. दातेरी चाकाचे चिन्ह क्षणभर दिसते आणि विंडो मिटते. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. मग फोनवरून सल्ला येतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ या सल्ल्याविरुद्ध बोलायला मी आज उभा आहे.

कास्टिंगला ब्लो होल आले म्हणून तुम्ही भट्टी पाडता का? वाळूचा ओलावा वाढला का, कोअर नीट सुकला होता का, या पाळीत काय बदलले, हे आधी विचारता. संगणकापुढेही पहिला प्रश्न तोच: अलीकडे यात काय बसवले? पुष्कळदा उत्तर येते, ‘जुन्यासारखा स्टार्ट मेनू यावा म्हणून एक सॉफ्टवेअर टाकलंय.’

ते टाकणाऱ्याला मी दोष देणार नाही. १९९५ पासून कोपऱ्यात असलेले स्टार्ट बटण २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ ने काढून टाकले. टॅली, ड्रॉइंगचे फोल्डर, स्पेक्ट्रोमीटरचे रिपोर्ट यांच्या वाटा ज्यांच्या बोटांना पाठ होत्या, त्यांची अडचण खरी होती. इव्हो बेल्चेव्ह यांचा ‘क्लासिक शेल’ हा मोफत प्रोग्रॅम २००९ पासून होताच, आता त्याची मागणी वाढली. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र त्यांनी काम थांबवले आणि कारणही स्पष्ट सांगितले: ‘विंडोज १०’ तेव्हा वर्षातून दोनदा बदलत होते आणि दर वेळी काही ना काही मोडत होते. त्यांचा कोड पुढे इतरांनी ‘ओपन-शेल’ नावाने चालू ठेवला. हा प्रोग्रॅम लिहिणारा जाणकार माणूसच ज्या कारणाने थकला, त्याच कारणाने आपल्या ऑफिसातला संगणक सोमवारी सकाळी अडतो.

नेमके होते काय ते पाहू. टास्कबार दाखवण्याचे काम ‘एक्सप्लोरर’ करतो. पर्यायी मेनू आपली डीएलएल फाइल या चालू एक्सप्लोररमध्ये घुसवतो आणि विंडोजची कळ दाबली की ती मधल्या मध्ये उचलतो. काही प्रोग्रॅम आणखी खोल जातात, एक्सप्लोररच्या आतल्या ठरावीक जागा मेमरीत बदलतात. त्या जागा त्या-त्या आवृत्तीपुरत्याच खऱ्या असतात. रात्री अपडेट आले, जागा सरकल्या, की सकाळी टास्कबार लुकलुकायला लागतो. म्हणूनच २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीची चाचणी चालू असताना ‘स्टार्टऑलबॅक’ आणि ‘एक्सप्लोररपॅचर’ यांना मायक्रोसॉफ्टने अडवले होते.

सेटिंग्ज हा मात्र स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. तेव्हा सेटिंग्ज बिघडल्यात की तिथपर्यंतची वाट, हे आधी ठरवा. विंडोज आणि आय या कळा एकत्र दाबा. सेटिंग्ज उघडल्या तर त्या धडधाकट आहेत, पर्यायी मेनूतला दुवा तेवढा चुकीचा आहे. उघडल्या नाहीत आणि संगणकावरील निर्बंधांमुळे क्रिया रद्द केल्याचा संदेश आला, तर ‘ट्वीक’ करणाऱ्या एखाद्या टूलने रजिस्ट्रीत ‘नो-कंट्रोल-पॅनेल’ ही नोंद चालू केली आहे का ते पाहा.

काहीच संदेश न येता विंडो मिटत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘ॲप्लिकेशन’, आणि तिथे लाल खुणेची, १००० क्रमांकाची नोंद. तिच्यात दोन नावे वाचायची. ‘फॉल्टिंग ॲप्लिकेशन’ म्हणजे कोसळलेला प्रोग्रॅम. तिथे एक्सप्लोरर किंवा सिस्टिमसेटिंग्ज असे असेल. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणजे ज्या फाइलमध्ये तो कोसळला ती. तिथे पर्यायी मेनूची डीएलएल दिसली की पुरावा हातात आला. एनटीडीएलएल असे नाव दिसले तर त्यावरून काही ठरवू नका, ती फाइल प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असते. अशा वेळी कंट्रोल पॅनेलमधला ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उपयोगी पडतो. कोणत्या तारखेला काय बसवले आणि कोणत्या तारखेपासून लाल फुल्या लागल्या, हे तो एकाच तक्त्यात दाखवतो. इतके सोयीचे साधन विंडोजमध्येच असताना ते फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला वाईट वाटते.

संशय पक्का झाला की कंट्रोल पॅनेलमधून तो मेनू अनइन्स्टॉल करा आणि संगणक रीस्टार्ट करा. मेनू नुसता बंद करून भागत नाही. टास्कबारच गायब असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर पुन्हा चालू करा. तरीही सेटिंग्ज मिटत असतील तर नवे युजर खाते काढून पाहा. तिथे त्या उघडल्या तर बिघाड जुन्या खात्यापुरता आहे, विंडोज शाबूत आहे. तिथेही नाही उघडल्या, तर आधी डिझम आणि मग एसएफसी या दोन दुरुस्ती आज्ञा चालवा. फॉरमॅटचा विचार त्यानंतर, आणि तोही बॅकअप घेऊन. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडचा महामार्ग बंद पडलेला आपण पाहिला आहे. म्हणून बॅकअपची एक प्रत कारखान्याबाहेर हवीच.

डाउनलोडबद्दल एक गंभीर गोष्ट. ऑगस्ट २०१६ मध्ये फॉसहब या नेहमीच्या, विश्वासाच्या ठिकाणी क्लासिक शेलच्या जागी हल्लेखोरांनी घातक फाइल ठेवली. ती चालवणाऱ्यांच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला गेला आणि विंडोज उघडेनासे झाले. परवानगी विचारणाऱ्या खिडकीत प्रकाशकाचे नाव ‘अननोन’ दिसले तर तिथेच थांबा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. आपल्याकडची ऑफिसे आता विंडोज ११ वर जात आहेत आणि मधोमध आलेला स्टार्ट पाहून जुन्या मेनूची मागणी पुन्हा होणार. नुसते बटण डावीकडे हवे असेल तर ती सोय सेटिंग्जमध्ये, पर्सनलायझेशनखाली टास्कबारच्या पानावर आहे. त्यावर भागत नसेल तर ऑफिसच्या संगणकावर पर्यायी मेनू बसवायला माझी हरकत नाही. मात्र त्याचे नाव, आवृत्ती आणि तारीख वहीत लिहून ठेवा. मोठे अपडेट येण्याआधी तो काढा आणि त्याच्या कर्त्याने नवी आवृत्ती दिल्यावरच परत बसवा. स्पेक्ट्रोमीटरला किंवा सीएनसीला जोडलेल्या संगणकावर मात्र असा कोणताही मेनू बसवू नका.