लाकडाचा बॉयलर तेलावर



नायगाव-वसईच्या रुळांवरून विरारची लोकल १९३६ पासून विजेवर धावते आहे. त्यामुळे आमच्या उमेळ्यातल्या पोरांना वाफेचे इंजिन ठाऊक आहे ते चित्रातले. पण वाफ काही संपलेली नाही. कापड रंगवायचे, दूध तापवायचे, भात उकडायचा, तर आजही बॉयलर लागतो. ज्यांच्याकडे लाकडावरचा जुना बॉयलर आहे ते विचारतात, "सर, सरपण मिळत नाही, शेजारी धुराची तक्रार करतात, हा तेलावर नाही का चालणार?"

चालेल. पण चुलीत रॉकेल ओतण्याइतका हा सोपा मामला नव्हे, बरे का.

लाकूड जाळीवर पडते, खालून हवा घेते आणि सावकाश जळते. तेलाचा मात्र धुक्यासारखा बारीक फवारा करून त्यात हवा मिसळावी लागते. फर्नेस ऑइल तर थंड असताना काकवीसारखे दाट. सुमारे १०० अंशांपर्यंत तापवले म्हणजे बर्नरमधून नीट फवारते. जाळी काढून तिथे अग्निरोधक विटा रचतात. त्या लाल होऊन ज्योत टिकवतात. ज्योत थेट पत्र्यावर आपटत राहिली, तर त्या जागी पत्रा अति तापून फुगतो.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. लाकडाची आग हळूहळू विझते. तेलाची ज्योत क्षणात जाते आणि तेल मात्र फवारत राहते. गरम भट्टीत त्याची वाफ कोंडली आणि कोणी काकडा पुढे केला, की स्फोट! म्हणून आधी पंख्याने भट्टीतली हवा पुरती बदलायची, मगच पेटवायचे. ज्योत विझली किंवा पाणी उतरले, तर तेल आपोआप बंद झाले पाहिजे. इथे काटकसर नको.

किलोभर वाळल्या लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते, तेलात सुमारे १०,०००. म्हणजे एक किलो तेल जवळजवळ तीन किलो लाकडाचे काम करते. आपल्याकडचे दोन्हींचे भाव घेऊन हिशेब मांडा.

निलगिरीच्या डोंगरगाडीची काही इंजिने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात कोळशावरून तेलावर आणली. आपल्या माथेरानला निराळे घडले. १९०७ पासून तिथे वाफेची इंजिने चालली, ती १९८२ साली थांबली आणि त्यांची जागा डिझेलच्या इंजिनांनी घेतली. बॉयलर नव्हे, इंजिनच बदलले! पत्रा झिजला असेल, तर मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

१९२३ च्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा बॉयलर कायदा आहे. बाष्पके संचालनालयाची लेखी मंजुरी आल्याखेरीज मिस्त्रीला हात लावू देऊ नका.

आणि हो, जुनी जाळी भंगारात घालू नका. तेल महागले म्हणून काही कारखाने पुन्हा भुशाच्या कांड्यांकडे वळले आहेत. जाळीला ग्रीस लावून ती कोरड्या कोपऱ्यात ठेवून द्या.