बडोद्याचे कुडाळकर आणि आपली वाचनालये



१४ नोव्हेंबर १९१९ रोजी मद्रास येथे अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते बडोदे संस्थानच्या ग्रंथालय खात्याचे प्रमुख ज. स. कुडाळकर. त्या परिषदेच्या स्मरणार्थ देशभर ग्रंथालय सप्ताह साजरा होतो. तिच्या मराठी अध्यक्षाचे नाव मात्र सातारा-सांगलीच्या वाचनालयांतही क्वचितच निघते.

सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण केले. तीन वर्षांनी ते परतले आणि त्यांनी आखलेली यंत्रणा पुढे नेण्याचे काम कुडाळकरांकडे आले. तिचे अर्थकारण पाहण्याजोगे आहे. गावाने वर्गणी जमविली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत व तेवढीच सरकार देई; म्हणजे एक तृतीयांश भार गावावर. पण ज्या गावाला तेवढेही जमत नाही, त्याचे काय? त्यासाठी पुस्तकांच्या पेट्या सरकारी खर्चाने खेडोपाडी फिरत. प्राथमिक शिक्षण १९०६ पासून संस्थानभर सक्तीचे होते. शाळा सोडलेल्या मुलाची साक्षरता पुस्तकावाचून टिकत नाही, हा त्यामागील हिशेब. कुडाळकरांनी तो १९१९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडला. (संस्थानिकाच्या मर्जीवरची व्यवस्था लोकशाहीचा आदर्श नव्हे, हे मान्यच. पण लोकशाहीने तिच्याहून कमी द्यावे काय?)

मद्रासने १९४८ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला, पण उपकर टाळला. वाचनालये स्थानिक संस्थांनी चालवावीत आणि शासनाने वर्गवारीनुसार अनुदान द्यावे, ही रचना पत्करली. जेथे वर्गणीदार आहेत तेथे अनुदान. जेथे दारिद्र्य आहे तेथे ना संस्था, ना अनुदान. तुटीचा भार अखेर ग्रंथपालाच्या तुटपुंज्या वेतनावर पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले, दुर्मीळ ग्रंथ भिजून नष्ट झाले. मद्रासच्या परिषदेला त्याच वर्षी शंभर वर्षे पुरी होत होती.

शासनाला थेट खर्च करता येत नाही, असेही नाही. साताऱ्यातील भिलार हे मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. घराघरांत सरकारी पुस्तके आली, वाचकाकडून वर्गणी नाही. भिलार पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आहे. माण, खटाव, जत या तालुक्यांतील ग्रंथालयहीन गावांची यादी कार्यकर्त्यांनी आधी तयार करावी आणि उपकराची मागणी तिच्यासह पुढे न्यावी.