सलग जागा आणि थांबण्याची सवड

बेळगावच्या खडेबाजारात मालाची गाडी उतरवावयाची, तर दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात: जागा सलग आहे काय आणि गाडीस थांबावयास सवड आहे काय. संगणकाच्या नेटवर्क कार्डासाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्यापुढेही हेच दोन प्रश्न असतात.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्समध्ये ‘केमॅलॉक’ने मिळणारी जागा प्रत्यक्ष मेमरीत सलग असते. ‘व्हीमॅलॉक’ची जागा प्रोसेसरला सलग भासते एवढेच, एरवी ती विखुरलेल्या पानांचीच. कार्ड मेमरीत स्वतःच लिहिते, म्हणून ती त्याच्या हाती सरळ देता येत नाही. ड्रायव्हरच्या खासगी मोठ्या कोष्टकास मात्र ती चालते. कार्ड व प्रोसेसर दोघेही पाहतात ती नोंदींची रिंग ‘डीएमए अलॉक कोहेरंट’ने आरंभीच घ्यावी.

खरी कसोटी पुढेच आहे. पॅकेट आले की कार्ड इंटरप्ट देते. तो हाताळताना ‘जीएफपी कर्नल’ने जागा मागितली, तर मेमरी मोकळी होईतो कर्नल मागणाऱ्यास निजवू पाहील, आणि तेथे निजणे म्हणजे सारे यंत्र अडकण्याचा धोका. म्हणून तेथे ‘जीएफपी अ‍ॅटॉमिक’च हवे. ते थांबत नाही, परंतु नकार देऊ शकते. नकार आलाच, तर माझ्या मते ते पॅकेट खुशाल टाकावे आणि जुना बफर रिंगेत परत ठेवावा. टीसीपीचा प्रेषक ते पुन्हा पाठवील. नकार तपासणारी ती एक ओळ गाळली (हा कंटाळा मला कधी उमगला नाही), तर ड्रायव्हर शून्य पत्त्यावर लिहावयास जातो, आणि एका पॅकेटापायी सबंध सर्व्हर बंद पडू शकतो.