रत्न कोणते, उपरत्न कोणते?

हिरा, माणिक, नीलम, पाचू ही रत्ने आणि बाकीची उपरत्ने, असा हिशेब पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या पेढ्यांवर सर्रास चालतो. हा हिशेब निसर्गाचा नव्हे, बाजाराचा. कठीणपणा ही कसोटी म्हणावी, तर मोह्स मापावर हिरा १०, माणिक-नीलम ९. पण पाचू साडेसात ते आठ, आणि उपरत्नांत ढकललेला पुष्कराज, म्हणजे टोपॅझ, पुरता ८. शिवाय पाचूच्या अंगात इतक्या बारीक चिरा, की जवाहिरे त्याला चक्क तेल पाजतात! माणिक आणि नीलम तर एकच खनिज, कुरुविंद. क्रोमियमचा अंश मिसळला की लाल, लोह-टायटॅनियमचा मिसळला की निळे.

कुणी म्हणेल, दुर्मिळपणाचे काय? त्यात तथ्य आहे. जांभळा ॲमेथिस्ट युरोपात माणकाच्या पंगतीला बसे. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलहून ढिगाने आला आणि पाटावरून उठला. पण पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत बेसॉल्टच्या पोकळीत, पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर निळेशार काटेरी बोंड बसावे तसा कॅव्हनसाइट सापडतो. जगात मोजक्याच ठिकाणी मिळतो, तरी तो रत्न नाही. काठिण्य जेमतेम ३ ते ४; अंगठीत बसवला तर लगेच ओरखडे. म्हणून तो संग्राहकांच्या कपाटात राहतो. रंग, टिकाऊपणा, दुर्मिळपणा आणि हौस यांचा मेळ बसला तरच भाव चढतो, आणि चांगल्या स्पिनेलसारख्या उपरत्नापुढे चिरा गेलेला, मळकट पाचू स्वस्तात जातो.