घंटा कोणाची?



आजच्या व्याख्यानाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून एका गृहस्थांनी चिटणीसांना विचारले म्हणे, की हे व्याख्यान आहे की हरवले-सापडलेची जाहिरात? मी त्यांना एवढेच सांगेन, की दोन्ही आहे. वस्तू सापडलेली आहे, धनी सापडावयाचा आहे. आणि धनी एकच निघेल, अशी खात्री मला देता येणार नाही.

हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्यावर येऊन पडला. काही वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानमालेत मी चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेवर बोललो होतो. शेवटी, टाळ्या मिळतात हे ठाऊक असल्याने, वसईच्या चर्चमधल्या घंटा आज आपल्या देवळांतून कशा वाजतात, तेही रंगवून सांगितले. टाळ्या मिळाल्या. व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. वसईचे ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. म्हणाले, “गुरुजी, घंटा कोणी आणल्या ते तुम्ही छान सांगितलेत. त्या कोणाच्या, ते मात्र राहून गेले.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते रागावलेले असते तर बरे झाले असते. रागावलेल्या माणसाला उत्तर देणे सोपे असते.

तेव्हा प्रथम हकिकत. वसईचा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना १५३४ साली मिळाला व १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी वसईचा कोट घेतला. या दोनशे वर्षांत कोटाच्या आत व बाहेर चर्चे आणि मठ उभे राहिले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचे आपले मंदिर व प्रत्येकाचा आपला मनोरा. कोटात आज गेलात तर सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा उभा दिसतो. वर पाहिले की घंटेची जागा दिसते, घंटा नाही.

त्या घंटा कोठे गेल्या? नाशिकला पंचवटीत गोदावरीकाठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेले रामेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या नदीकडील तटावर मेघडंबरीखाली एक मोठी घंटा टांगलेली आहे व तिच्यावर १७२१ हा सन आहे. नाशिककर देवाला रामेश्वर म्हणत नाहीत, नारोशंकराचे देऊळ म्हणतात, आणि देवळापेक्षाही घंटेचे नाव मोठे! नारोशंकराची घंटा कोणाला ठाऊक नाही? भीमाशंकरला देवळासमोर अशीच घंटा आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली दिसते. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातील घंटाही चिमाजीअप्पांनी वसईहून आणली असे सांगतात. आणखीही गावे आहेत. वसईच्या काही अभ्यासकांनी गावोगाव हिंडून यांची नोंद केली आहे. त्या चिकाटीपुढे आम्ही पुण्याचे लोक हात जोडण्यापलीकडे काही करू शकत नाही.

पण ‘सांगतात’ या शब्दापाशी मला थोडे थांबले पाहिजे. १८४२ साली लॉर्ड एलेनबरो याने गझनीहून मोठा गाजावाजा करून दरवाजे आणविले. महमुदाने पळविलेले सोमनाथाचे चंदनी दरवाजे परत आले, अशी द्वाही फिरविली. पुढे तज्ज्ञांनी पाहिले, तो लाकूड देवदाराचे आणि नक्षी गझनीकडची! ते दरवाजे सोमनाथास गेलेच नाहीत; आग्र्याच्या किल्ल्यात राहिले. परत करण्याची घाई झाली आणि शोध राहून गेला, की अशी फजिती होते. म्हणून घंटेचीही आधी ओळख पटली पाहिजे.

ओळख पटवायची कशी? आपल्याकडची जुनी देवळातली घंटा व युरोपी घंटा यांत फरक आहे. युरोपी घंटेचा काठ बाहेर झुकलेला आणि जिथे लोळी आपटते तिथे जाड असतो. धातू म्हणजे साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील, आपण ज्याला कासे म्हणतो त्याच जातीचा. माथ्यावर ओतीव कड्यांचा जुडगा असतो, मनोऱ्याच्या तुळईला बांधण्यासाठी. आणि मुख्य म्हणजे अंगावर अक्षरे असतात. ती टाकीने खोदलेली नसतात, ओतकामातच उठवलेली असतात: एखादा क्रूस, येशूच्या नावाची तीन अक्षरे, संताचे नाव, सन. घंटेला चर्चमध्ये चढविण्यापूर्वी बिशपच्या हातून संस्कार होतो व पुष्कळदा संताचे नाव दिले जाते. एका अर्थी आपण ज्या वस्तूविषयी बोलत आहोत तिचे बारसे झालेले आहे.

हे सन फार उपयोगी पडतात. १७२१ ची घंटा वसईची असू शकते; १८०० नंतरची असूच शकत नाही, मग गावकरी काहीही सांगोत. ती इंग्रजी अमलात एखाद्या जहाजावरून उतरलेली किंवा बाजारात विकत घेतलेली असेल. उलट मेणवलीचे पाहा. ते गाव नानांना इनाम मिळाले १७६८ साली, वसईनंतर एकोणतीस वर्षांनी. म्हणजे ती घंटा वसईहून निघाली असेल तरी सरळ मेणवलीस आलेली नाही. मध्ये कोठेतरी तिचा मुक्काम झालेला आहे. आणि ‘वसईची’ म्हणजे नेमकी कोठली? त्या दोन वर्षांच्या मोहिमेत ठाणे, साष्टी, तारापूर, डहाणू इतकी ठाणी पडली. सगळ्यांची लूट ‘वसईची’ या एका नावाखाली जमा झाली असणे अगदी शक्य आहे. घंटेवर चर्चचे नाव नसेल, तर घर कोणते हे सांगणे कठीण.

आता हक्काचा प्रश्न. वसईच्या तहाने पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह सन्मानाने जाऊ दिले, आणि जाणाऱ्या रहिवाशांना चीजवस्तू नेण्याची मुभा दिली. मग घंटा ही चीजवस्तू की इमारतीचा भाग? हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नसावा. मनोऱ्यावरून अशी घंटा उतरविणे हे गडबडीत गलबत गाठणाऱ्या माणसाचे काम नव्हे. आणि खुद्द युरोपात त्या काळी रिवाज काय होता? शहर तोफांनी जिंकले, की तेथील चर्चच्या घंटांवर तोफखान्याच्या सरदाराचा हक्क! गावकऱ्यांनी पैसे भरून त्या सोडवाव्यात, नाहीतर सरदाराने विकाव्यात. घंटा वितळून तोफ होते, हे त्यामागचे गणित. तेव्हा १७३९ सालच्या कायद्याने अप्पांना दोष देता येत नाही. उलट त्यांनी घंटेची तोफ केली नाही. देवापुढची वस्तू देवापुढेच टांगली. हे मी अभिमानाने सांगतो आणि ते सांगण्यात मला संकोच नाही.

दुसरीही बाजू आहे. पोर्तुगीजांनी देवळे पाडली. वसईजवळचे निर्मळचे तीर्थ उद्ध्वस्त केले आणि ते मराठ्यांच्या अमलातच पुन्हा उभे राहिले. हे सांगितले, की पुष्कळांना वाटते फिटंफाट झाली. पण फिटंफाट कोणाची कोणाशी? देवळे पाडणारा लिस्बनचा माणूस गलबतात बसून गेला. ज्यांच्या पूर्वजांच्या लग्नाला आणि मर्तिकाला त्या घंटा वाजल्या, ती माणसे येथेच राहिली. ती भात लावतात, केळी पिकवतात, सामवेदी आणि वाडवळी बोलतात. २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्यांच्यातलेच. पोर्तुगीजांचा हिशेब त्यांच्या नावे मांडता येणार नाही.

अशा दाव्याचा निकाल लागलेला एक मोठा दाखला फिलिपाइन्समध्ये आहे. सामार बेटावर बालांगिगा नावाचे गाव. १९०१ च्या सप्टेंबरात तेथे चर्चच्या घंटा वाजल्या व त्या इशाऱ्यावर गावकऱ्यांनी अमेरिकन पलटणीवर हल्ला केला. ४८ सैनिक मेले. मग अमेरिकन फौजेने सूड घेतला. दहा वर्षांवरील, ज्याला हत्यार धरता येईल अशा प्रत्येकाला मारा, असा जनरल स्मिथचा हुकूम होता व त्याबद्दल त्याच्यावर लष्करी न्यायालय बसले. फौजेने चर्चच्या तीन घंटा नेल्या. दोन अमेरिकेत वायोमिंगमधील छावणीत राहिल्या. तिसरी त्याच पलटणीबरोबर फिरत शेवटी दक्षिण कोरियात जाऊन बसली. गंमत अशी, की चर्चची मालमत्ता जप्तीस पात्र नाही, हा नियम अमेरिकन फौजेने स्वतःच १८६३ साली लिहून ठेवला होता. फिलिपिनो इतिहाससंशोधक आणि काही अमेरिकनही वर्षानुवर्षे पाठीस लागले. मेलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून माजी सैनिकांनी विरोध केला. अमेरिकन काँग्रेसने परतीला आडकाठी करणारा कायदा केला व पुढे तो सैल केला. अखेर २०१८ च्या डिसेंबरात तिन्ही घंटा गावी पोहोचल्या. ११७ वर्षांनी.

मग आपणही तसेच करावे काय? मला वाटते, नाही. आणि का नाही ते सांगितले पाहिजे. बालांगिगाच्या घंटा छावणीत मुक्या होत्या. त्यांना मागणारे चर्च जागेवर उभे होते. नारोशंकराची घंटा मुकी नाही आणि तिला मागणारे चर्च कोणते, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. देवाला अर्पण झालेली वस्तू पुजाऱ्याची नव्हे, पंचांची नव्हे, देवाची. पण वकीलमंडळींनी येथे लगेच खूश होऊ नये. याच न्यायाने तंजावर जिल्ह्यातील पत्तूरचे एक पडके देऊळ लंडनच्या कोर्टात फिर्यादी म्हणून उभे राहिले आणि चोरून विकलेला नटराज १९९१ साली परत घेऊन आले. देऊळ पडले म्हणून त्याचा हक्क पडत नाही, असे ते न्यायाधीश म्हणाले. मग पडक्या देवळाला जे मिळते, ते पडक्या चर्चला का मिळू नये? चोरी आणि युद्धातली लूट यांत फरक आहे, आणि मुदतीचा कायदाही आडवा येतो, हे खरे. तरी तो प्रश्न मला अजून छळतो.

जे ताबडतोब देता येईल ते मात्र देत नाही, ही आपली खरी कसूर आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील ही वस्तू पुरावस्तू ठरते. पण कागदावर पुरावस्तू होऊन घंटेचा रंग चुकत नाही. प्रत्येक घंटेचे मोजमाप, अक्षरांचा ठसा, छायाचित्र, शेजारी खरी हकिकत सांगणारी पाटी, आणि या सर्वांची एक प्रत वसईस. याला कोर्ट लागत नाही.

त्या शिक्षकांना घेऊन मी गेल्या हिवाळ्यात एका गावी गेलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तेथे भक्तीच्या भरात कोणी घंटेला तांबडा ऑइलपेंट फासला आहे आणि ज्याने फासला तो माणूस फार चांगला आहे. आम्ही पातळ कागद व कोळसा नेला होता. गुरवांनी शिडी दिली. विचारले, “पाव्हणे कुठले?” “वसईचे,” मी म्हटले. गुरव त्यांच्याकडे नीट पाहत राहिले आणि म्हणाले, “मग आधी वाजवा, कागद मागनं.” गृहस्थांनी एकदाच वाजविली व नाद पुरता विरेपर्यंत काठाला हात लावून उभे राहिले.

ठसा घेतला. क्रूस आला. एक आला, सात आला. तिसरा आकडा रंगाने भरला आहे. मला तो दोन वाटतो, त्यांना पाच. दोन असला तर घंटा वसईची असू शकते. पाच असला तर आमची दोघांचीही खेप फुकट. गंमत पाहा, पाच म्हणणारे ते आहेत! रंग काढण्यास गुरवांनी पंचांची परवानगी मिळविली आहे, आणि यंदा कार्तिकात आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत.