अलास्का : आधी तयारी, मग तिकीट

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही दोघं अलास्काला जायचं ठरवतोय ही बातमी ‘ए’ विंगपासून ‘डी’ विंगपर्यंत पोचली आहेच. जिन्यात प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं सांगावं, म्हणून आज उभा राहिलो.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. सौ.ची अँजिओप्लास्टी झालेली, लेहला जायला डॉक्टरांनी मनाई केली, मग अलास्का कसं चालतं? आमच्या मुलाचाही हाच मुद्दा होता आणि त्यावरून घरात आठ-दहा दिवस अबोला होता. उत्तर उंचीत आहे. लेह साडेअकरा हजार फुटांवर. तिथं हवाच विरळ. अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानातला रस्ता मात्र कुठेही चार हजार फुटांच्या वर जात नाही. म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा खालीच! डेनाली शिखर 20,310 फूट उंच आहे, पण ते लांबून बघायचं. हा कागद डॉक्टरांसमोर ठेवला, तेव्हा ते ‘बेताबेतानं चाला, औषधं दुप्पट न्या’ म्हणाले. खरी अडचण वेगळीच आहे. मोठं रुग्णालय फेअरबँक्सला, उद्यानाच्या दारापासून सुमारे 195 किलोमीटर. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही. त्यामुळे विमा घेताना आधीचा आजार त्यात धरलाय की नाही, हे मी ओळ न् ओळ वाचून घेणार आहे. यात काटकसर नको.

आता आवाका लक्षात घ्या. अलास्का महाराष्ट्राच्या साडेपाच पट आहे आणि वस्ती साडेसात लाखांच्याही आत. अमेरिकेनं हा सगळा मुलूख 1867 मध्ये रशियाकडून 72 लाख डॉलरला विकत घेतला. ‘दहा दिवसांत अलास्का’ म्हणणारी जाहिरात बघितली की मला हसू येतं. आमचा पहिला आराखडाही तसाच होता : उत्तर ध्रुववृत्त, हिमनद्या, अस्वलं, सगळंच. सौ.नं पेन घेतलं आणि निम्म्यावर काट मारली. डाल्टन महामार्ग पहिला गेला. 414 मैलांचा, बराचसा खडीचा, आणि कोल्डफूटच्या पुढे 240 मैल पेट्रोल पंपच नाही. भाड्यानं गाड्या देणाऱ्या बऱ्याच कंपन्या तिथं गाडी न्यायला परवानगीच देत नाहीत. आपल्या वयाला तो रस्ता नाही, इतकंच म्हणतो.

उरलं डेनाली. तिथं रस्ता एकच, 92 मैलांचा. खाजगी गाडी उन्हाळ्यात पहिल्या 15 मैलांपर्यंतच. पुढं उद्यानाची बस. साधी बस घेतली तर वाटेत उतरून थोडं फिरता येतं आणि जागा असेल तर मागून येणाऱ्या बसमध्ये चढता येतं. पण 2021 च्या ऑगस्टपासून 43व्या मैलाच्या पुढे रस्ता बंद झाला, कारण प्रिटी रॉक्स नावाच्या जागी जमीनच सरकते आहे. खाली हजारो वर्षं गोठलेला बर्फ आहे, तो वितळतोय. 2014 पूर्वी रस्ता वर्षाला काही इंच खचायचा, 2017 मध्ये महिन्याला, 2018 मध्ये आठवड्याला, 2019 मध्ये दिवसाला! आपल्या गेटसमोरचा रस्ता दर पावसाळ्यात खचतो तेव्हा आपण कंत्राटदाराला शिव्या देतो. तिथं कुणाला देणार? आता तिथं पूल बांधायचं काम हाती घेतलंय. तिकिटं काढण्याआधी उद्यानाची ताजी सूचना बघायची, हे मी डायरीत लाल शाईनं लिहिलंय.

कधी जायचं? जूनमध्ये फेअरबँक्सला जवळजवळ 22 तास उजेड, पण जून-जुलैत डास असे की आपले नाल्यावरचे बरे. ऑगस्टच्या अखेरीस डास ओसरतात, टुंड्रा लालभडक होतो, ब्लूबेरी पिकते, आणि रात्री पुन्हा अंधारू लागल्यानं नशीब असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसतो. थंडी-पाऊस सोसावा लागेल. तेव्हा गणपती उशिरा येतात असं वर्ष धरायचं, म्हणजे सोसायटीची आरतीही चुकणार नाही.

आणखी एक. इतक्या लांब जाऊन शिखर दिसेलच असं नाही. ते बहुतेक वेळ ढगात असतं. तीनातल्या एकाच प्रवाशाला दिसतं म्हणतात. म्हणून आम्ही उद्यानाच्या दाराशीच चार रात्री राहणार. खर्च वाढतो, पण एका दिवसाच्या घाईपेक्षा बरं. अँकरेजहून तिथं रेल्वेनं साडेसात-आठ तास, सौ.ला पाय पसरून बसता येईल.

अस्वलांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. त्यांच्यापासून 300 यार्ड, म्हणजे पाव किलोमीटरहून जास्त लांब राहायचं, असा नियम आहे. ठेपले-लाडू उघडे ठेवायचे नाहीत. अस्वलांसाठीचा मिरीचा फवारा विमानात नेता येत नाही, हातातही नाही आणि सामानातही नाही; तो तिथंच घ्यायचा.

दोन जोडप्यांनी बरोबर येण्याची इच्छा दाखवली आहे. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि मग अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घ्यावी. ती मिळायलाच कधी कधी महिनोन्‌महिने लागतात. तारीख हातात आली की माझ्याकडे या, संध्याकाळी सातनंतर. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेलाच आहे.