नकाशावर आपलं काम दिसतं का?

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय तो छोट्या शहरातली उद्योगाची जमीन आणि स्थानिक रोजगार. ऐकायला हा विषय कोरडा आहे. भाषा, पोशाख, आरक्षण यांवर आपण तासन् तास बोलतो. शहराचा विकास आराखडा मात्र आपल्या बैठकीत क्वचितच निघतो. पण तुमच्यापैकी किती जणांना आपल्याच शहरात काम मिळेल आणि किती जणांना मुंबई-सुरतची गाडी धरावी लागेल, हे बऱ्याच अंशी त्या आराखड्यावर ठरतं. म्हणून आज मी एकच शहर घेऊन बोलणार आहे, मालेगाव.

मालेगाव तुम्हाला ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर, मोसम आणि गिरणेच्या काठी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चार लाख ऐंशी हजारांच्या वर. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातले मोमीन विणकर याच आग्रा रस्त्याने इथे आले आणि त्यांनी घरात हातमाग टाकले. पुढे वीज आली आणि हातमागाच्या जागी यंत्रमाग बसला. आज शहरात दोन लाखांहून जास्त माग असल्याचं सांगितलं जातं. साड्या, लुंग्या आणि मुख्यतः कोरं कापड, ज्याला बाजारात ग्रे म्हणतात, ते इथे विणलं जातं.

मी मुद्दाम म्हणालो, हातमागाच्या जागी यंत्रमाग बसला. यंत्र बदललं, जागा तीच राहिली. खाली माग, वर घर. किंवा पुढे माग, मागे घर. शहराच्या नियोजनाचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

विकास आराखडा म्हणजे काय? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली प्रत्येक महापालिकेला आणि नगरपालिकेला शहराचा आराखडा करावा लागतो आणि वीस वर्षांतून किमान एकदा तो सुधारावा लागतो. त्यात शहरातली जमीन वापरानुसार वाटलेली असते. नकाशावर राहण्याची जमीन साधारणपणे पिवळी, व्यापाराची निळी, उद्योगाची जांभळी. पिवळ्यात घर बांधता येतं, जांभळ्यात कारखाना. रस्ते, शाळा, दवाखाने, बागा यांची आरक्षणं यातच असतात.

आता सांगा, इस्लामपुऱ्यातल्या घराला कोणता रंग द्यायचा? खाली बारा माग आहेत, वर तीन भावांचे संसार आहेत. पिवळा दिला तर खालचे माग बेकायदा ठरतात. जांभळा दिला तर वरचं घर अडचणीत येतं. कारखाना एकीकडे आणि वस्ती दुसरीकडे, असं शहर डोळ्यांसमोर ठेवून हे रंग ठरले. आपली शहरं अशी वाढली नाहीत. भिवंडी नाही, मालेगाव नाही, इचलकरंजीचा जुना भागही नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं की मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत आणि हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आपण हा आकडा भाषणात वापरतो. त्याचा जमिनीच्या भाषेतला अर्थ मात्र कुणी सांगत नाही. ज्या समाजाचं काम घरात, गल्लीत, दुकानामागच्या खोलीत चालतं, त्याचं काम नकाशावर बहुतेक वेळा उमटतच नाही. नकाशा करणाऱ्याला घर दिसतं, तो पिवळा रंग भरतो आणि पुढे जातो.

न उमटण्याची किंमत काय पडते, ते बघा. नकाशावर उद्योग नाही, म्हणजे त्या भागात ट्रक वळेल असा रस्ता आखला जात नाही. अग्निशमनाची गाडी शिरेल अशी गल्ली ठेवली जात नाही. सायझिंगचं पाणी आणि धूर यांची व्यवस्था आखली जात नाही. बँक कर्ज देताना परवाना मागते. परवाना देणारा जमिनीचा वापर विचारतो. वापर रहिवासी निघतो आणि फाइल परत येते. मग जुनाच माग दुरुस्त करत चालवायचा. आपण म्हणतो, आमचे लोक आधुनिक होत नाहीत. बऱ्याचदा अडचण कागदाची असते आणि त्या कागदाचं मूळ नकाशात असतं.

यावर सरकारचं ठरलेलं उत्तर असतं, शहराबाहेर एमआयडीसी देतो. मी एमआयडीसीच्या विरोधात नाही. १९६१ च्या कायद्याने आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने महाराष्ट्रात पुष्कळ उद्योग उभे केले. मालेगावसाठीही सायने आणि अजंगकडे औद्योगिक क्षेत्राचं काम झालं आहे. ते वाढावं असंच मला वाटतं. मागाचा आवाज, हवेतला कापसाचा तंतू, लटकत्या तारा, अरुंद जिना या सगळ्यात लहान मुलं झोपतात. हे कायम असंच राहावं, असं कुणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. जड आणि गोंगाटाचं काम हळूहळू वस्तीबाहेर गेलंच पाहिजे.

पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या घोषणेला टाळ्या वाजवू नका.

पहिला प्रश्न, प्लॉट कुणाला? आठ-दहा माग असलेला माणूस धाग्याच्या व्यापाऱ्याकडून मजुरीवर काम घेतो. तो प्लॉटचा प्रीमियम भरणार, ठरलेल्या मुदतीत बांधकाम करणार, वर वीजजोड घेणार, हे होत नाही. मग प्लॉट घेतो तो भांडवलवाला आणि बरेच प्लॉट किंमत वाढायची वाट पाहत पडून राहतात. छोट्यांना प्लॉटऐवजी गाळा लागतो, भाड्याचा किंवा सहकारी. इचलकरंजीच्या आसपास हातकणंगले आणि यड्राव इथे सहकारी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. तिथेही अडचणी आहेत, मंदी आहे. पण एकट्याला न परवडणारी जमीन, रस्ता आणि वीज अनेकांनी मिळून घेता येते, हे तिथे आपल्याच राज्यात दिसतं. आपण मशिदीसाठी, मदरशासाठी वर्गणी काढून संस्था चालवतो. औद्योगिक सहकारी संस्था चालवायला लागणारं कसब याहून वेगळं नाही. हिशेब मात्र उघडा ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न, बायकांच्या कामाचं काय? मागाची गणती होते, मागवाल्याचीही होते. कांडी भरणारी, धागे कापणारी, घडी घालणारी, लुंगीची शिलाई करणारी बाई मोजली जात नाही. माग घराखाली आहे म्हणून तिला हे काम मिळतं. स्वयंपाक, मुलं, सासू-सासरे सांभाळून ती चार पैसे मिळवते. माग दहा-बारा किलोमीटर दूर गेला की तिचं काम त्याच दिवशी संपतं. सकाळ-संध्याकाळ भरवशाची बस नसेल, तिथे पाळणाघर नसेल, स्वच्छतागृह नसेल, तर ती तिथे जाणार नाही. घरचे पाठवत नाहीत, असं म्हणून आपण मोकळे होतो. कधी ते खरंही असतं आणि त्याबद्दल आपल्या घरात आपल्यालाच भांडायचं आहे. पण बस नसताना तो दोष फक्त घरावर टाकणं चुकीचं आहे.

म्हणून मागणी दुहेरी हवी. जड काम बाहेर, पण टप्प्याटप्प्याने आणि गाळ्यांसह. हलकं, कमी आवाजाचं काम वस्तीतच, पण कायदेशीर. २०२० मध्ये राज्याने बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आणली. त्यात रहिवासी विभागातही काही छोट्या उद्योगांना जागा, यंत्रशक्ती आणि कामगारसंख्येच्या मर्यादेत परवानगी आहे. शिवणकाम, भरतकाम, पॅकिंग यांसाठी वस्तीजवळ बहुमजली गाळ्यांची इमारत मागता येते. तिच्यासाठी आराखड्यात जागा आरक्षित करून घेता येते. आणि आरक्षण झालं म्हणून झोपायचं नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. शाळांची आणि बागांची कितीतरी आरक्षणं अशीच गेली आहेत.

तिसरा प्रश्न, स्थानिक म्हणजे कोण? राज्य सरकारच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असं शासनाचं २००८ चं धोरण आहे. भाषणात ते छान वाटतं. पण त्यात स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेली व्यक्ती. कारखाना मालेगावात आणि कामगार नागपूर-कोल्हापूरचे, तरी नियम पाळला गेला. आणि ते योग्यच आहे, कारण उद्या तुम्हीही पुण्याला जाल. मुद्दा इतकाच की शहरातल्या मुलांना शहरात काम मिळेल, याची हमी हा नियम देत नाही. ती कौशल्यातून येते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा सांगतो की तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच आहेत. हा आकडा शहरातल्या कारखान्याकडे, आयटीआयकडे जाऊन विचारता येतो. किती जागा, किती भरल्या, त्यात मुली किती?

इथे एक कटू गोष्ट सांगतो. नवा बिनधोट्याचा माग आला की एक माणूस जास्त माग सांभाळतो. म्हणजे कापड वाढेल, विणकामातल्या नोकऱ्या त्या प्रमाणात वाढणार नाहीत. मालेगावचं कोरं कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली-बालोतऱ्यापर्यंत जातं. विणकाम आपलं, पण रंग, छपाई, शिलाई, नाव आणि नफा दुसरीकडे. रोजगार वाढवायचा तर पुढचे टप्पे शहरात आणावे लागतील. शिलाई लगेच आणता येते, तिला पाणी कमी लागतं आणि हात जास्त. रंगाईला पाणी लागतं, सांडपाण्याचं सामायिक शुद्धीकरण केंद्र लागतं आणि त्यासाठी वेगळी जमीन लागते. ती न ठेवता रंगाई आणली तर ते पाणी मोसम आणि गिरणेत जाईल आणि खालच्या गावातला शेतकरी आपल्याला शिव्या देईल. त्याचं बरोबर असेल.

मग करायचं काय? कायदा तुम्हाला दोन दारं देतो. पहिलं दार कलम २५ चं. आराखडा करण्याआधी शहराचा विद्यमान जमीनवापर नकाशा करावा लागतो, म्हणजे आज कुठे काय चाललंय त्याची नोंद. दुसरं दार कलम २६ चं. प्रारूप आराखडा जाहीर झाला की राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी मंजुरी राज्य सरकारची. आपले लोक जागे होतात ते घरावर रस्त्याची रेघ आल्याचं कळल्यावर, त्या तीस दिवसांतल्या शेवटच्या आठवड्यात. मग प्रत्येक जण आपलं घर वाचवायचा अर्ज देतो. वस्तीच्या कामासाठी एकही अर्ज जात नाही.

म्हणून पहिल्या दाराशी जा. आराखडा कधी येईल याची वाट पाहू नका. आपल्या प्रभागाचा साधा नकाशा घ्या आणि गल्लीगल्ली फिरा. कुठे किती माग, कुठे सायझिंग, कुठे शिवणाची यंत्रं, किती बायका घरी काम करतात, कुठे ट्रक उभा राहतो, कुठे आग लागली तर बंब पोचणार नाही. सर्व्हे नंबर लिहा, फोटो काढा. मोहल्ला कमिटीबरोबर बसा, आणि नदीच्या पलीकडच्या कॅम्प भागातल्या मुलांनाही बरोबर घ्या. तिथल्या कारागिराचा, दलित वस्तीतल्या कामगाराचा प्रश्न हाच आहे. ही मागणी मुसलमानांची म्हणून गेली तर ती एका बाजूची होते. कामकऱ्यांची म्हणून गेली तर शहराची होते. आणि ती खरोखर शहराचीच आहे.

यात तुमच्याकडे एक खास गोष्ट आहे. आराखड्याचा अहवाल मराठीत असतो, सूचना मराठीत, सुनावणी मराठीत. मालेगावातल्या कितीतरी बुजुर्ग विणकरांची लिहिण्या-वाचण्याची भाषा उर्दू आहे. त्यांना मागाचं सगळं कळतं, पण ती सूचना वाचता येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं. चचांचं म्हणणं ऐकून त्याचा नीट मराठी अर्ज करणं आणि मराठी अहवालातला मुद्दा त्यांना त्यांच्या बोलीत समजावणं, हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही.

अर्ज लिहिताना अन्यायाची कहाणी लांबवू नका. जागा कोणती, आज तिथे काय चालतं, किती लोक काम करतात, आराखड्यात काय दाखवलंय आणि आम्हाला काय हवंय, एवढ्या पाच गोष्टी एका पानात बसतात. पोच घ्या. सुनावणीला दहा जण तरी जा आणि त्यात चार बायका असू द्या, कारण कांडीचं काम कसं चालतं ते त्याच सांगू शकतात.

सगळं मान्य होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या कामाची नोंद झाली, ते हलवायचं झालं तर आधी बोलावं लागतं, पर्याय द्यावा लागतो. ज्याची नोंदच नाही, ते एका नोटिशीत बेकायदा ठरतं. आपल्या आई-वडिलांनी ज्या कामावर घर चालवलं, त्याची निदान नोंद तरी शहराच्या कागदावर असावी. ती करायला कुठल्या पुढाऱ्याची परवानगी लागत नाही. येत्या शुक्रवारी, माग बंद असताना, एका गल्लीपासून सुरुवात करता येईल.

आता प्रश्न विचारा.